काटकोन त्रिकोणांची एकरूपता सिद्ध कशी करायची: पहिल्यांदाच शिकणाऱ्यांसाठी

दोन काटकोन त्रिकोण एकरूप, म्हणजे आकाराने आणि मापाने तंतोतंत सारखे, आहेत हे सिद्ध करायचं उदाहरण समोर आलं की बहुतेकांची गाडी दोन ठिकाणी अडते. पहिलं म्हणजे आकृतीत उत्तर आधीच दिसत असतं. दोन्ही त्रिकोण सारखेच आहेत हे डोळ्यांना पटलेलं असतं, त्यामुळे सिद्ध काय करायचं तेच कळत नाही. दुसरं म्हणजे बाकोबा, कोबाको, कोकोबा, कर्णभुजा ही एकरूपतेच्या कसोट्यांची नावं (बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन) पाठ असतात, पण यातलं कोणतं कुठे लावायचं याचा अंदाज नसतो. मग कारणाच्या रकान्यात जे आठवेल ते नाव पडतं.

हे सगळं शिकताना मला एक गोष्ट उशिरा उमगली. ती आधी कळली असती तर बराच गोंधळ वाचला असता, म्हणून इथे सुरुवातीलाच सांगते. काटकोन त्रिकोणात एक घटक तुम्हाला फुकट मिळालेला असतो, तो म्हणजे ९०° चा कोन. आणखी फक्त दोन घटक लागतात, आणि त्यात निदान एक बाजू हवीच. पण ते दोन घटक दोन्ही त्रिकोणांत एकाच जागी बसलेले असायला हवेत. समान आहेत एवढ्यावर भागत नाही. कुठे आहेत हे पाहावं लागतं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या 'कुठे' भोवतीच फिरतात.

सोबत काय असू द्यावं

पट्टी, कंपास, गुण्या, कोनमापक आणि दोन वेगळ्या रंगांच्या पेन्सिली. रंगीत पेन्सिली हौसेसाठी नाहीत. एका रंगाने कर्ण आणि दुसऱ्याने दिलेले समान घटक ठळक केले की निम्मं काम होतं.

डोक्यात असायला हव्यात अशा गोष्टी:

- त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८०° असते.
- समद्विभुज त्रिकोणात समान बाजूंसमोरचे कोन समान असतात, आणि याचा व्यत्यासही खरा आहे.
- रेषीय जोडीतील कोनांची बेरीज १८०° असते. परस्पर विरुद्ध कोन समान असतात.
- समांतर रेषांना छेदिकेने छेदलं की व्युत्क्रम कोन समान असतात.
- कोणत्याही त्रिकोणांना लागू पडणाऱ्या चार कसोट्या: बाबाबा, बाकोबा, कोबाको, कोकोबा.

या यादीतलं काही कच्चं असेल तर आधी ते पक्कं करा. सिद्धतेतली कारणं इथूनच येतात.

पायरी १: काटकोन कुठून आला ते शोधा

आकृतीत कोन काटकोनासारखा दिसतो म्हणून तो काटकोन धरता येत नाही. तो एकतर पक्षात, म्हणजे उदाहरणाने दिलेल्या माहितीत, असला पाहिजे, नाहीतर एखाद्या प्रमेयावरून मिळाला पाहिजे. आणि उदाहरणात 'काटकोन' हा शब्द बरेचदा येतच नाही. तो दुसऱ्याच कुठल्या शब्दात लपलेला असतो:

- शिरोलंब, लंब, लंबदुभाजक असं काही म्हटलं असेल.
- 'बिंदूचं रेषेपासूनचं अंतर' असं म्हटलं असेल. अंतर म्हणजे लंबांतरच, त्यामुळे इथे काटकोन आपोआप आला. हा सगळ्यात जास्त नजरेतून सुटतो.
- चौकोन आयत किंवा चौरस असेल, तर प्रत्येक कोन ९०° चा.
- समभुज चौकोन किंवा पतंग असेल, तर कर्ण एकमेकांना लंब.
- वर्तुळाची स्पर्शिका आणि स्पर्शबिंदूतून जाणारी त्रिज्या एकमेकींना लंब.
- अर्धवर्तुळात अंतर्लिखित केलेला कोन काटकोन.

यातलं जे लागू असेल ते सिद्धतेच्या पहिल्याच ओळीत कारणासह लिहून टाका.

पायरी २: कर्ण रंगवा

काटकोनासमोरची बाजू म्हणजे कर्ण. तीच सर्वांत मोठी. काटकोन करणाऱ्या उरलेल्या दोन बाजूंना इथे मी भुजा म्हणणार आहे. आकृती सरळ उभी असेल तोवर हे ओळखणं सोपं वाटतं. त्रिकोण तिरका काढला की गफलत होते, कारण तिरकी दिसणारी बाजू म्हणजे कर्ण अशी नजरेला सवय लागलेली असते. त्यामुळे बाजूच्या कलाकडे बघू नका. काटकोनाच्या खुणेपासून समोर बोट न्या, जी बाजू लागेल ती कर्ण.

चौकोनाच्या उदाहरणांत एक जादा काळजी घ्या. चौकोनालाही कर्ण असतो आणि काटकोन त्रिकोणालाही. आयताला एका कर्णाने दुभागलं तर आयताचा कर्ण हाच दोन्ही त्रिकोणांचा कर्ण होतो. समभुज चौकोनात मात्र उलट घडतं. त्याचे दोन कर्ण मध्यभागी काटकोनात छेदतात, त्यामुळे कर्णांचे अर्धे भाग त्रिकोणांच्या भुजा बनतात आणि चौकोनाची बाजू त्रिकोणाचा कर्ण बनते. उत्तरात 'कर्ण' लिहिताना कोणाचा कर्ण हे तुमच्या मनात स्पष्ट असू द्या.

पायरी ३: शिरोबिंदूंची संगती लिहा

दोन त्रिकोणांचे शिरोबिंदू एकमेकांशी सहा प्रकारे जोडता येतात. काटकोन त्रिकोणांत मात्र काटकोनाचा शिरोबिंदू काटकोनाच्याच शिरोबिंदूशी जोडावा लागतो, म्हणून दोनच शक्यता उरतात.

समजा △अबक मध्ये ∠ब = ९०° आणि △पमन मध्ये ∠म = ९०°. मग ब ↔ म हे ठरलं. आता एकतर अ ↔ प आणि क ↔ न, नाहीतर अ ↔ न आणि क ↔ प. कोणती निवडायची ते दिलेले समान घटक सांगतात. अब = पम दिलं असेल तर पहिली. अब = नम दिलं असेल तर दुसरी, आणि मग लिहायचं △अबक ≅ △नमप. अक्षरांचा हा क्रम नुसता शोभेचा नसतो. पुढे 'एकरूप त्रिकोणांच्या संगत बाजू' हे कारण देऊन तुम्ही जे काही काढाल ते सगळं या क्रमावरूनच वाचलं जातं. क्रम चुकला तर बरोबर सिद्धतेतूनही चुकीची बाजू समान ठरते.

मी त्रिकोणांची नावं एकाखाली एक लिहिते. वर अबक, खाली पमन. मग पहिलं-दुसरं अक्षर ही एक संगत बाजू, दुसरं-तिसरं ही दुसरी, पहिलं-तिसरं ही तिसरी. आकृतीकडे परत बघावंच लागत नाही.

पायरी ४: हातात काय आहे त्यावरून कसोटी निवडा

काटकोन धरून झाला. आता उरलेले दोन समान घटक कोणते?

*दोन्ही भुजा.* काटकोन त्यांच्या मधोमध आहे, म्हणून बाकोबा. इथे कर्णभुजा लिहू नका; कर्णाबद्दल काहीच माहिती नाही.

*एक भुजा आणि एक लघुकोन.* लघुकोन त्या भुजेला लागून असेल तर भुजेच्या एका टोकाला काटकोन, दुसऱ्या टोकाला लघुकोन, म्हणजे कोबाको. लघुकोन भुजेसमोर असेल तर कोकोबा. दोन्ही चालतं, पण दोन्ही त्रिकोणांत सारखंच असायला हवं. एकीकडे लागून आणि दुसरीकडे समोर असं असेल तर काहीच सिद्ध होत नाही. उदाहरणादाखल दोन काटकोन त्रिकोण घ्या, दोघांतही ३०° चा कोन आणि ६ सेमीची एक भुजा. एकात ही भुजा ३०° च्या समोर असेल तर कर्ण १२ सेमी. दुसऱ्यात ती ३०° ला लागून असेल तर कर्ण सुमारे ६.९३ सेमी. घटक तेच, त्रिकोण वेगळे.

*कर्ण आणि एक लघुकोन.* कोकोबा. एक लघुकोन समान झाला की दुसरा आपोआप होतो, त्यामुळे इथे फार विचार करावा लागत नाही.

*कर्ण आणि एक भुजा.* ही कर्णभुजा कसोटी. काटकोन त्रिकोणांची स्वतःची म्हणावी अशी हीच एक, आणि हिच्यावर जरा थांबायला हवं.

पायरी ५: कर्णभुजा का चालते ते एकदा समजून घ्या

नीट बघा: कर्णभुजेत दोन बाजू आहेत आणि एक कोन, पण तो कोन त्या दोन बाजूंच्या मध्ये नाही. म्हणजे ही 'बाबाको' झाली. आणि बाबाको अशी कसोटी नसते असं तर आपण शिकलेलो असतो! मग काटकोनात ती कशी चालते? हा प्रश्न ज्यांना पडत नाही ते कसोटी पाठ करतात आणि नको तिथे लावतात. म्हणून आधी कंपास उचला.

कागदावर ३०° चा ∠अ काढा. एका भुजेवर अब = १० सेमी घ्या. कंपासमध्ये ६ सेमी अंतर घेऊन ब केंद्र धरून कंस काढा. तो ∠अ च्या दुसऱ्या भुजेला दोन ठिकाणी छेदेल. एक छेदनबिंदू अ पासून सुमारे ५.३ सेमीवर, दुसरा सुमारे १२ सेमीवर. दोन्ही बिंदू ब ला जोडले की दोन त्रिकोण मिळतात. दोघांतही ३०° आहे, १० सेमी आहे, ६ सेमी आहे. पण एक आखूड आणि एक लांबट. बाबाको इथे मोडून पडते, आणि ती मोडताना तुमच्या डोळ्यांसमोर मोडते.

आता तोच प्रयोग ९०° घेऊन करा. अ पाशी काटकोन, उभ्या भुजेवर अब = ६ सेमी. कंपासमध्ये १० सेमी घ्या आणि ब केंद्र धरून कंस काढा. आडवी रेषा दोन्हीकडे वाढवली तर कंस तिला अ च्या डावीकडे ८ सेमीवर आणि उजवीकडे ८ सेमीवर छेदतो. पुन्हा दोन त्रिकोण मिळाले, पण या वेळी ते एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं आहेत. कागद अब वर दुमडला तर एक दुसऱ्यावर तंतोतंत बसतो. पर्याय दोन दिसतात, आकार मात्र एकच.

हे झालं समजून घेण्यापुरतं. आता खरी सिद्धता. ही एकदा हाताने लिहून काढा, कारण यात एक सुंदर युक्ती आहे: दोन त्रिकोण पाठीला पाठ लावून उभे करायचे.

पक्ष: △अबक आणि △पमन मध्ये ∠ब = ∠म = ९०°, कर्ण अक = कर्ण पन, अब = पम.

साध्य: △अबक ≅ △पमन.

रचना: किरण कब वर ब च्या पलीकडे बिंदू द असा घ्या की बद = मन. रेख अद काढा.

सिद्धता: क-ब-द एका रेषेत आहेत आणि ∠अबक = ९०°, म्हणून रेषीय जोडीवरून ∠अबद = ९०°. आता △अबद आणि △पमन पाहा. अब = पम हा पक्ष, ∠अबद = ∠पमन कारण दोन्ही ९०°, बद = मन ही रचना. म्हणून बाकोबा कसोटीने △अबद ≅ △पमन. त्यावरून अद = पन, आणि पन = अक हे दिलेलंच आहे, म्हणून अद = अक.

म्हणजे △अकद समद्विभुज झाला. समान बाजूंसमोरचे कोन समान, म्हणून ∠अकब = ∠अदब. आता △अबक आणि △अबद यांत ब पाशी दोन्हीकडे काटकोन, ∠अकब = ∠अदब, आणि अब सामाईक. कोकोबा कसोटीने △अबक ≅ △अबद. आणि △अबद तर △पमन शी एकरूप आहेच. म्हणून △अबक ≅ △पमन.

या सिद्धतेत काटकोनाची गरज नेमकी कुठे लागली ते शोधा. ती ∠अबद = ∠पमन या ओळीत आहे. ∠ब आणि ∠म ९०° ऐवजी ७०° असते तर रेषीय जोडीने ∠अबद ११०° झाला असता, ∠म मात्र ७०° च राहिला असता, आणि बाकोबा लागलीच नसती. स्वतःच्या शेजारच्या कोनाइतका असणारा कोन एकच, ९०° चा. म्हणून ही कसोटी लिहिताना काटकोनाची ओळ कधीही गाळू नका. तिच्याशिवाय बाकी सगळं लटकं पडतं.

पायथागोरसच्या प्रमेयाने हेच काम दोन ओळींत होतं. कर्ण समान, एक भुजा समान, म्हणजे कर्णाच्या वर्गातून भुजेचा वर्ग वजा केला की दुसरी भुजाही समान निघते, मग बाबाबा. इथे चक्राकार युक्तिवाद होत नाही ना, अशी शंका कुणाला आली तर ती चांगलीच शंका आहे. होत नाही. इ.स.पू. ३०० च्या सुमारास युक्लिडने पायथागोरसच्या प्रमेयाची जी सिद्धता दिली ती बाकोबावर उभी आहे, कर्णभुजेवर नाही. समान जीवा केंद्रापासून समान अंतरावर असतात हे दाखवतानाही, जिथे आज आपण कर्णभुजा लावून मोकळे होऊ, तिथे त्याने वर्गांची वजाबाकीच केली आहे.

पायरी ६: सिद्धता मांडा

मांडणी नेहमीची: आकृती, पक्ष, साध्य, लागल्यास रचना, मग सिद्धता. सिद्धतेत प्रत्येक विधानासमोर त्याचं कारण. नमुन्यादाखल एक पूर्ण लिहून दाखवते.

उदाहरण: △अबक मध्ये अब = अक. अद ⊥ बक, द हा बिंदू बक वर आहे. सिद्ध करा की बद = कद.

△अदब आणि △अदक मध्ये,

१. ∠अदब = ∠अदक = ९०° … (अद ⊥ बक, पक्ष)
२. कर्ण अब = कर्ण अक … (पक्ष)
३. बाजू अद = बाजू अद … (सामाईक बाजू)
४. △अदब ≅ △अदक … (कर्णभुजा कसोटी)
५. बद = कद … (एकरूप त्रिकोणांच्या संगत बाजू)

पाच ओळी, एकही फालतू नाही. तिसरी ओळ बघा. 'अद = अद' हे इतकं उघड आहे की लिहावंसं वाटत नाही, पण कसोटीला लागणाऱ्या तीन घटकांपैकी एक तिथेच आहे. सामाईक बाजू न लिहिणं ही काटकोन त्रिकोणांच्या उत्तरांतली सर्वांत जास्त आढळणारी त्रुटी असावी असं मला वाटतं.

हेच उदाहरण ∠ब = ∠क घेऊन कोकोबानेही सुटतं. दोन्ही उत्तरं बरोबर. पण अद हा लंब आहे असं एकदा म्हटल्यावर 'अद हा बक ला दुभागतो' हे मात्र कारण म्हणून वापरता येणार नाही. तेच तर सिद्ध करायचंय. साध्य कधी कधी असं मागच्या दाराने सिद्धतेत घुसतं. म्हणून उत्तर पूर्ण झाल्यावर प्रत्येक कारण पक्षात, रचनेत किंवा आधीच्या ओळीत सापडतं का ते एकदा तपासा.

पायरी ७: एकमेकांवर चढलेले त्रिकोण वेगळे काढा

एकरूप त्रिकोण शेजारी शेजारी असतील तर काम सोपं. ते एकमेकांवर चढलेले असले की नजर गोंधळते. अशा वेळी बाजूला दोन्ही त्रिकोण सुटे काढा, नावं घाला, खुणा करा. ही दोन मिनिटं वाया जात नाहीत.

समजा लघुकोन △अबक मध्ये बइ ⊥ अक आणि कफ ⊥ अब हे दोन शिरोलंब समान आहेत: बइ = कफ. दाखवायचंय की अब = अक. यात दोन काटकोन त्रिकोणांच्या दोन वेगवेगळ्या जोड्या लपलेल्या आहेत.

पहिली जोडी △बइक आणि △कफब. इ आणि फ पाशी काटकोन, कर्ण बक सामाईक, बइ = कफ. कर्णभुजेने △बइक ≅ △कफब. मग ∠इकब = ∠फबक, म्हणजेच मूळ त्रिकोणाचे ∠क आणि ∠ब समान, आणि समान कोनांसमोरच्या बाजू म्हणून अब = अक.

दुसरी जोडी △अइब आणि △अफक. काटकोन आहेत, ∠अ सामाईक आहे, बइ = कफ. कोकोबाने एकरूप, आणि अब = अक थेट संगत बाजू म्हणून मिळतं. ही वाट एका पायरीने आखूड आहे.

कोणती जोडी घ्यायची हे ठरवण्याचा माझा साधा नियम असा की साध्यातल्या बाजू ज्या त्रिकोणांत आहेत ती जोडी आधी बघायची. इथे अब आणि अक दुसऱ्या जोडीत आहेत. ती जोडी नाहीच जुळली तर पहिलीकडे वळायचं. आणि या दोन जोड्यांची सरमिसळ करू नका. एका त्रिकोणाचा कर्ण आणि दुसऱ्याच जोडीतला कोन घेऊन कसोटी लिहिलेली उत्तरं दिसायला अगदी भरगच्च असतात, पण त्यांत काहीच सिद्ध झालेलं नसतं.

पायरी ८: कसोटीच्या वेशातले सापळे ओळखा

*'दोन बाजू समान आहेत, काटकोन आहे, झालं.'* नाही झालं. एका काटकोन त्रिकोणाच्या भुजा ३ आणि ४ असतील तर कर्ण ५. दुसऱ्याची एक भुजा ३ आणि कर्ण ४ असेल तर दुसरी भुजा √७, म्हणजे सुमारे २.६५. दोघांतही ३ आणि ४ आहेत, दोघांतही काटकोन आहे, त्रिकोण वेगळे. ४ एकीकडे भुजेच्या जागी आणि दुसरीकडे कर्णाच्या जागी आहे.

*तिन्ही कोन समान.* यातून समरूपता मिळते, एकरूपता नाही. आकार तोच, माप कितीही.

*पाच घटक समान.* हा मला सगळ्यांत आवडणारा सापळा आहे. दोन त्रिकोणांच्या सहा घटकांपैकी, म्हणजे तीन बाजू आणि तीन कोन यांपैकी, पाच घटक समान असूनही ते एकरूप नसतील असं होऊ शकतं का? होतं, आणि काटकोन त्रिकोणांतही होतं.

एका त्रिकोणाच्या बाजू घ्या: १, सुमारे १.२७२ आणि सुमारे १.६१८. शेवटची संख्या म्हणजे सुवर्ण गुणोत्तर, मधली तिचं वर्गमूळ. सुवर्ण गुणोत्तराचा गुणधर्मच असा की त्यात १ मिळवला की त्याचा वर्ग मिळतो. म्हणजे १ चा वर्ग अधिक १.२७२ चा वर्ग बरोबर १.६१८ चा वर्ग, आणि त्रिकोण काटकोन ठरतो. आता याच त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूला १.२७२ ने गुणा. नव्या बाजू १.२७२, १.६१८ आणि २.०५८. सगळ्या बाजू एकाच पटीत वाढल्या, म्हणून तिन्ही कोन तेच राहिले. शिवाय १.२७२ आणि १.६१८ या दोन बाजू दोन्ही त्रिकोणांत आहेत. तीन कोन आणि दोन बाजू, पाच घटक समान. तरीही एक त्रिकोण दुसऱ्यापेक्षा सरळसरळ मोठा आहे. १.६१८ पहिल्यात कर्ण आहे, दुसऱ्यात भुजा, १.२७२ पहिल्यात मोठी भुजा, दुसऱ्यात लहान. समान घटक संगत जागी नाहीत.

हे दोन त्रिकोण १० पट करून कागदावर काढून, कापून एकमेकांवर ठेवून बघा. संगतीचं महत्त्व यानंतर कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

*काटकोन आहे, म्हणून कर्णभुजा.* काटकोन दिसला की कर्णभुजाच लावायची असा समज बराच पसरलेला आहे. कर्णाची समानता दिलेली किंवा सिद्ध झालेली नसेल तर ती लावता येत नाही. बहुतेक वेळा बाकोबा किंवा कोकोबाच लागते.

पायरी ९: एकरूपता मिळाली, आता तिचा उपयोग करा

एकरूपता हे सहसा मधलं स्टेशन असतं. खरं साध्य त्याच्या पुढे असतं: एखादी बाजू, एखादा कोन, कधी समांतर रेषा. दोन प्रमेयं काटकोन त्रिकोणांच्या सरावासाठी अगदी योग्य आहेत.

पहिलं कोनदुभाजकाचं. ∠अबक च्या दुभाजकावर बिंदू प आहे, पम ⊥ अब, पन ⊥ बक. △पमब आणि △पनब यांत काटकोन आहेत, ∠मबप = ∠नबप कारण बप हा दुभाजक, आणि कर्ण बप सामाईक. कोकोबाने एकरूप, म्हणून पम = पन. दुभाजकावरचा प्रत्येक बिंदू कोनाच्या भुजांपासून समदूर असतो. आता व्यत्यास घ्या: बिंदू प कोनाच्या अंतर्भागात आहे आणि पम = पन दिलं आहे; बप दुभाजक आहे हे दाखवायचंय. त्रिकोण तेच, आकृती तीच, काटकोन आणि सामाईक कर्णही तेच. पण आता कोनांची समानता हातात नाही, ती साध्यात गेली. त्याऐवजी भुजा समान आहेत, म्हणून कर्णभुजा. एकाच आकृतीत पक्ष आणि साध्य यांची अदलाबदल झाली आणि कसोटी बदलली. ही दोन उत्तरं शेजारी शेजारी लिहून पाहा. कसोटी आकृतीवरून ठरत नाही, पक्षावरून ठरते हे इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

दुसरं स्पर्शिकांचं. केंद्र म असलेल्या वर्तुळाला बाहेरच्या बिंदू प मधून पअ आणि पब या दोन स्पर्शिका काढल्या, अ आणि ब हे स्पर्शबिंदू. पअ = पब सिद्ध करायचंय. आकृतीत अजून एकही त्रिकोण नाही, तो तुम्हालाच काढायचाय: मअ, मब आणि मप जोडा. अ आणि ब पाशी काटकोन, स्पर्शिका आणि त्रिज्या म्हणून. मअ = मब एकाच वर्तुळाच्या त्रिज्या म्हणून. मप सामाईक, आणि तो दोन्ही काटकोनांसमोर आहे, म्हणजे कर्ण. कर्णभुजेने △मअप ≅ △मबप, म्हणून पअ = पब. याच एकरूपतेतून ∠अपम = ∠बपम हेही निघतं, म्हणजे मप हा दोन स्पर्शिकांमधल्या कोनाला दुभागतो.

आता तुमच्यासाठी एक, पूर्ण उत्तर न देता. वर्तुळाच्या दोन समान जीवा केंद्रापासून समान अंतरावर असतात हे सिद्ध करा. 'अंतर' या शब्दात काय लपलंय ते पायरी १ मध्ये आलंय. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो, हे पायरी ६ मधल्या उदाहरणात फक्त अब आणि अक च्या जागी त्रिज्या घातल्या की मिळतं. त्यापुढे फक्त दोन काटकोन त्रिकोण निवडायचे आणि त्यांचा कर्ण कोणता ते ओळखायचं.